पेंट रायरांची भिंत

२४ ऑगस्ट १९५८, तिरुवल्लिकेणी, मद्रास

आज सकाळी भिंतीचा एक पोपडा थेट माझ्या कॉफीत पडला. मी तो चमच्याने काढला आणि कॉफी प्यायले, कारण या घरात कॉफी ओतून देणं हे महापाप. पण मग आप्पांना म्हटलंच, "आता बास. नवरात्राच्या आत घराला रंग लागलाच पाहिजे."

आप्पा म्हणजे माझे सासरे, सेतुमाधवराव. लग्न होऊन आले तेव्हा मी त्यांना मामंजी म्हणायची, पण ते म्हणाले, "आप्पा म्हण मा, अस्के तेंच म्हणतात." अस्के म्हणजे सगळे. आगगाडीचे डबे रंगवणाऱ्या शॉपमध्ये त्यांनी सव्वीस वर्षं काढली. तंजावरकडच्या मराठी माणसाला इथले लोक रायर म्हणतात, म्हणून गल्लीत ते 'पेंट रायर'. कोणाच्या दाराला फोड आले, कोणाची खिडकी चिकटली, की माणसं आप्पांकडे येतात. आप्पा वैद्यासारखे आधी बोट लावून बघतात, मग वास घेतात, मग बोलतात. आणि त्यांच्याच घराला गेलं वर्षभर ब्रश लागलेला नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि विचारलं, "अंग बरं आहे न तुझें? तसं कांहीं नाहीं न?" मी म्हटलं, मला काय धाड भरलीय! तेव्हा कुठे ते "सरी" म्हणाले, म्हणजे ठीक आहे. रंग भिंतीला लावायचा आणि चौकशी माझ्या प्रकृतीची. म्हातारी माणसं कुठून कुठे जातील सांगता येत नाही.

वही उघडलीच आहे तर एक वाक्य लिहून टाकते. गेल्या वर्षी आषाढात, पाचव्या महिन्यात, माझं बाळ गेलं. त्यावर या घरात कोणी बोलत नाही. राघोत्तमही नाही. (नवऱ्याचं नाव वहीत तरी लिहायला काय हरकत आहे?) मी सातारची, माझं माणूस म्हणून इथे कोणी नाही, म्हणून वहीशी बोलते.

३१ ऑगस्ट

आठवडाभर आम्ही दोघं पुढच्या खोलीची भिंत खरवडतोय. आप्पांनी पदर खोचायला लावला, डोक्याला फडकं बांधायला लावलं आणि हातात पत्रा दिला. मी म्हटलं, चुना खरवडायचा कशाला, वरूनच तैलरंग मारू या. तर त्यांनी कपाळाला हात लावला.

"चुन्यावर तेल बसत नाहीं मा. सहा महिन्यांत चिकट होऊन केळीच्या सालासारखं सुटून येतें."

मग मला आठवलं. बी.एस्सी.ला रसायनशास्त्र काय उगीच घेतलं होतं? चुना अल्कली, रंगात जवसाचं तेल. दोन्ही भेटले की साबण होतो. मी त्यांना सगळं समीकरण खडूने जमिनीवर लिहून दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून ते पूर्ण वाचलं आणि म्हणाले, "हें मला अठ्ठावीस सालापासून माहीत आहे. याला नांव आहे म्हणून आज समजलें."

एक गोष्ट विचित्र. आतल्या खोलीत माझी पुस्तकांची फळी आहे ना, गेल्या वर्षी आप्पांनीच मोठ्या हौसेने खुंट्या ठोकून बसवलेली, तिच्याखालचा चुना त्यांनी मला एकटीला खरवडायला लावला. स्वतः त्या कोपऱ्याकडे फिरकलेसुद्धा नाहीत. बसवलेली फळी जरा तिरकी आहे, त्याची लाज वाटत असणार.

७ सप्टेंबर

आजचे धडे लिहून ठेवते, पुढे माझं घर झालं तर उपयोगी पडतील.

मोरीच्या भिंतीवर पांढरा लोणा फुटलाय. मी बादली आणि काथ्या घेऊन निघाले तर आप्पा ओरडलेच. लोणा पाण्याने धुवायचा नाही. विरघळतो, परत भिंतीत शिरतो आणि महिन्याने हसत बाहेर येतो. कोरड्या ब्रशाने झाडायचा, आणि त्याआधी पाणी कुठून मुरतंय ते शोधायचं. "रोग एकीकडे, पुरळ एकीकडे," असं त्यांचं म्हणणं. पाणी सापडलं, न्हाणीच्या तोटीखालची चीर.

स्वयंपाकघरातली काजळी कितीही हात मारले तरी पिवळी होऊन वर येते. आधी सोड्याने धुवायची, मग लाखेचा एक हात द्यायचा, मग रंग. दाराच्या लाकडातल्या गाठीलाही तेच औषध. डब्यातल्या रंगावर साय आली तर ती ढवळून मोडायची नाही, उचलून काढायची आणि रंग जुन्या धोतरातून गाळायचा. आणि भिंतीवर ब्रशाचे वळ दिसले तर रंगाऱ्याने आपलं नाव सांगू नये. रंग घट्ट होता, नाहीतर हात डळमळला, तिसरं कारण नसतं.

मी सहज विचारलं, "तुमचे वळ कधी दिसलेत का हो?" "शॉपांत विचार," म्हणाले, आणि मिशीत हसले. सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली. हा माणूस असा हसताना मी आज पहिल्यांदा पाहिला आणि मला फार बरं वाटलं.

१२ सप्टेंबर

आज फजिती झाली. एका भिंतीला अस्तराचा हात देऊन झाला होता, राखाडी, गुळगुळीत. आप्पांनी टर्पेंटाइनची बाटली उघडली आणि मला असं काही मळमळलं की मोरीपर्यंतही पोचले नाही, अंगणातच उलटी झाली. तोंड धुऊन आत आले तर आप्पा डब्यांची झाकणं लावत होते. कपडा गुंडाळून, ब्रश धुऊन, सगळं माळ्यावर. मी म्हटलं, "अहो, मी ठीक आहे, उद्या नाकाला फडकं बांधेन." ते म्हणाले, "पोदुम मा. पुरे झालं." माझ्याकडे बघितलंही नाही.

१५ सप्टेंबर

काम बंदच. एक भिंत राखाडी, एक खरवडलेली, दोन तशाच पोपड्यांच्या. खोलीला खरूज झाल्यासारखी दिसते. विचारलं तर म्हणतात, "पाहूं, पुढें पाहूं."

माझ्याकडून काय चुकलं ते शोधतेय. परवा एक जण सल्ला विचारायला आला होता, तेव्हा मी मध्येच साबणाचं समीकरण सांगितलं. लोकांसमोर सुनेने शहाणपणा केला याचा राग असेल. की मी पोपटी रंग मागितला आणि त्यांना फिका पिवळा हवा होता, ते मनात असेल? आज त्यांच्या आवडीची डांगर पचडी केली. दोनदा घेतली, "बरं झालं आहे" म्हणाले, वर मला सांगतात की उद्यापासून विहिरीचं पाणी मी ओढायचं नाही, तेच ओढणार. म्हणजे पाणी ओढण्यापुरताही माझ्यावर भरवसा उरला नाही वाटतं.

२८ सप्टेंबर

दिवस मोजायचे नाहीत असं मी ठरवलं होतं. पण मोजले. अडीच महिने.

राघोत्तमला सांगितलं. त्याने माझा हात धरला. आमचं ठरलं की पाचवा महिना पार पडेपर्यंत कोणाला सांगायचं नाही, आप्पांनाही नाही. मला आनंद झालाय की भीती वाटतेय ते मला सांगता येणार नाही. दोन्ही एकाच ताटात वाढलंय.

९ ऑक्टोबर

आज आप्पांनी कमालच केली. शेजारच्या त्रिपुरसुंदरी मामींचे यजमान त्यांच्या बाजूने सामाईक भिंतीत कॅलेंडरसाठी खिळा ठोकत होते. दोन ठोके ऐकले असतील नसतील, आप्पा धोतर सावरत धावले. मी पाठोपाठ ओट्यावर. भांडण होणार असं वाटलं, तर हे हात जोडून उभे! तमिळमध्ये काहीतरी हळू बोलले. त्या गृहस्थांनी हातोडी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. मग आप्पांनी घरातून आपलं लाकडी स्टँड नेऊन दिलं, कॅलेंडर त्यावर टांगा म्हणून. एवढंच नाही, आमचीही हातोडी, खिळे, पटाशी, सगळी पेटी त्यांनी मामींकडे ठेवायला दिली.

माणूस साठीनंतर भिंतीच्या प्रेमात पडतो की काय, कोण जाणे. नवरात्र चार दिवसांवर आलंय आणि इथल्या रिवाजाप्रमाणे बाहुल्या मांडायच्या पायऱ्या आम्ही त्या राखाडी भिंतीसमोर मांडणार आहोत.

२ नोव्हेंबर

पाऊस आठवडाभर कोसळतोय. खरवडलेल्या भिंतीवर बुरशीचे काळे ठिपके आलेत, तांदळात काळे तीळ मिसळल्यासारखे. दिवाळीच्या तयारीत गल्लीतली सगळी घरं नटली, आणि जो तो आप्पांना विचारून नटला. कोणाला बुरशी ब्लीचिंग पावडरने धुवायला सांगतात, कोणाला म्हणतात भिंत सुकल्याशिवाय ब्रश उचलू नका. आणि ते लोक जाता जाता आमच्या ओसरीकडे बघून हसतात. आज एकाने तोंडावर विचारलं, "रायर, तुमच्या घराचं काय?" आप्पा म्हणाले, "आळस, स्वामी. म्हातारपण."

माझा तोल गेला. तो माणूस गेल्यावर मी म्हटलं, "खरेच आळशी आहात तुम्ही. दुसऱ्यांच्या भिंतींची एवढी काळजी! घरच्यांनी मान खाली घातली तरी चालेल." आप्पा छत्री घेऊन माझ्यासाठी कोवळं शहाळं आणायला गेले. मला स्वतःचा राग आला, पण माफी मागितली नाही.

१६ नोव्हेंबर

हे आजच लिहायला हवं.

दुपारी मामींकडे बसले होते. माझी तमिळ तोडकीमोडकी, पण आता समजतं सगळं. मी आप्पांच्या आळशीपणाची तक्रार केली तर मामी माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "तुला खरंच माहीत नाही? घरात बाई गरोदर असताना घराचं काम काढत नाहीत. खणायचं नाही, ठोकायचं नाही, रंग नाही. तू अंगणात उलटी केलीस त्याच दिवशी रायर येऊन मला सांगून गेले, पोरीकडे लक्ष ठेवा म्हणून."

आमच्याकडे ग्रहणात विळी धरायची नाही एवढंच मला माहीत. हे असलं कधी ऐकलं नव्हतं.

मग मामी म्हणाल्या, "गेल्या वर्षी त्यांनी तुझी फळी ठोकली. तुला दिवस गेलेत हे तेव्हा त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. आठ दिवसांनी तुझं ते झालं. माझ्यासमोर रडले ते. म्हणाले, मी माझ्या हातांनी मारलं."

म्हणजे सव्वा वर्षं हा माणूस हे घेऊन त्याच घरात वावरतोय. रोज ती फळी बघतोय. आणि मी त्याला आळशी म्हटलं, लाज आणलीत म्हटलं. डॉक्टरीणबाईंनी मला तेव्हाच सांगितलं होतं की असं होतं कधी कधी, यात कोणाचा दोष नाही. ते मी एकटीने ऐकलं आणि एकटीनेच ठेवलं.

संध्याकाळी त्यांच्यासमोर कॉफी ठेवताना बोलायचं ठरवलं होतं. "आप्पा" एवढंच म्हटलं. ते म्हणाले, "काय मा?" मी म्हटलं, "साखर पुरे का?"

२९ नोव्हेंबर

आप्पा त्यांच्या आईच्या श्राद्धासाठी तंजावरला गेले, आठ दिवसांनी येतील. आणि आम्ही दोघांनी एक धाडस केलंय.

कल्पना राघोत्तमची, पण हो मी म्हटलं, हे इथे स्पष्ट लिहिते. आप्पांच्या मागे पुढची खोली रंगवून घ्यायची. ते परत येतील, भिंत चकाकत असेल, आणि मी धडधाकट समोर उभी असेन. मग ते आपल्या डोळ्यांनी बघतील की भिंतीचा आणि बाळाचा काही संबंध नसतो. त्यांच्या छातीवरचा तो दगड एकदाचा उतरेल. नुसतं सांगून उतरणार नाही, मी विज्ञान शिकलेय, पुरावा लागतो हे मला माहीत आहे.

रंगारी उद्या येतोय. हवा अजून ओली आहे, पण आप्पा यायच्या आत व्हायला हवं.

३ डिसेंबर

दुपारी रक्त गेलं. थोडंच. पण गेलं.

डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. म्हणतात, बाळाचे ठोके लागतायत, पण काही सांगता येत नाही; उशी पायाखाली घेऊन पडून राहायचं, आठ दिवस उठायचं नाही. पुढच्या खोलीत वारा येतो म्हणून माझी खाट इथेच टाकलीय, नव्या भिंतीसमोर. पोपटी रंग. कालच पूर्ण झाला आणि आजच त्याला फोड यायला लागलेत.

मी बी.एस्सी. आहे. मला माहीत आहे की संबंध नाही. आणि मी सकाळपासून त्या भिंतीकडे बघून म्हणतेय, मला माफ कर, मला माफ कर.

५ डिसेंबर

राघोत्तमने तार केली होती. आप्पा श्राद्ध आटोपून मिळेल त्या गाडीने सकाळीच आले. पिशवी हातातच. आधी भिंत बघितली, मग मला. मी लहान मुलीसारखी रडायला लागले. "आप्पा, मीच हो म्हटलं. तुम्ही नव्हतात आणि मी रंग लावू दिला. माझ्यामुळे झालं हे."

मला वाटलं, आता ते खालीच बसतील. पण ते भिंतीपाशी गेले. एका फोडावर बोट दाबलं, फोड फुटला, आतून पाण्याचा थेंब आला. बोटाचा वास घेतला.

"ओली भिंत," म्हणाले. "ओल्या भिंतीवर तैलरंग लावला कीं फोड येणारच. पाणी बाहेर येऊं पाहतें, रंग येऊं देत नाहीं. ह्यांत दुसरं कांहीं नाहीं मा. भिंतीचं भिंतीला, तुझं तुला. भिंतीनं काय होतें? खुळे आहेत लोक."

"पण तुम्हीच तर..."

"मी आळशी म्हातारा," म्हणाले. "तूंच म्हटलं होतंस न?"

मग ते मामींकडे जाऊन पेटी घेऊन आले. पत्रा काढला आणि माझ्या डोळ्यांसमोर फोड खरवडायला बसले. पत्र्याचा आवाज झाला की मी खाटेची कड घट्ट धरायची. ते वळून विचारायचे, "काय झालं? कांहीं नाहीं न?" मी म्हणायची, नाही. "पाहिलंस?" म्हणायचे आणि पुढचा फोड घ्यायचे. दिवसभर असंच चाललं. संध्याकाळपर्यंत माझा आवाजाशी सलोखा झाला.

१३ डिसेंबर

रक्त थांबलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ठोके चांगले आहेत, आता चार पावलं चालायला हरकत नाही. राघोत्तम स्वयंपाकघरात जाऊन रडून आला; भांडी आपटल्याच्या आवाजावरून मला कळलं.

मधले तीन दिवस ऊन पडलं. आप्पांनी सगळी दारं-खिडक्या उघडून, शेगडीत निखारे ठेवून भिंत सुकवली, अस्तर दिलं आणि आज वरचा हात. माझ्या पोपटी रंगातच. मी खाटेवरून बघत होते. सव्वीस वर्षं डबे रंगवलेला हात, पण कोपरापासून थरथरत होता. ते डाव्या हाताने उजवं मनगट धरून ब्रश ओढत होते आणि तोंडाने मला सांगत होते की रंग पातळ असला तर हात कसा सरळ जातो.

भिंतभर वळ उठलेत. त्यांनी ते पाहिले, मीही पाहिले. दोघंही "छान झालं" म्हणालो.

१९ एप्रिल १९५९

मुलगी झाली. आज अकरावा दिवस. पाच पौंड, नाक थेट राघोत्तमचं, रडणं मात्र सातारचं. नाव हेमावती ठेवायचं ठरतंय, सासूबाईंचं.

दुपारी आप्पा तिला मांडीवर घेऊन बसले होते. राघोत्तम बाजारात गेला होता. चार महिने पोटात ठेवलेला प्रश्न मी आज विचारला.

"आप्पा, खरं सांगा. डिसेंबरात माझ्यासमोर भिंत खरवडलीत, तेव्हा तुम्हाला खरंच वाटत होतं का, की भिंतीने काही होत नाही?"

त्यांनी तिच्या मुठीतून आपलं बोट सोडवून घ्यायचा प्रयत्न केला, ती सोडेना, मग तसंच राहू दिलं.

"नाहीं मा," म्हणाले. "एकेका पोपड्याला माझा जीव जात होता."

"मग केलंत कशाला?"

"तूं भ्यालीस न. घरांत दोघांनी एकदम भ्यायचं नसतें."

मी उठून त्यांच्या पाया पडले. बाळंतिणीने वाकू नये म्हणून ते ओरडले.